पुन्हा विमान करायला बसताना प्रमाण कोणते घ्यावे?

श्रोतेहो, लहानपणी विमानाची प्रतिकृती केलेली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. कुणी एन.सी.सी.त असताना बाल्साच्या हलक्या लाकडाची केली, तर कुणाला मुंबईच्या मामाने प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे खोके आणून दिले. मग परीक्षा आल्या, नोकरी आली, संसार आला, आणि ते खोके माळ्यावर गेले. पन्नाशीच्या सुमारास संध्याकाळचा तासभर मोकळा मिळू लागतो आणि हात पुन्हा शिवशिवू लागतात. अशा मंडळींशी आज थोडे बोलायचे आहे. उडणारी विमाने बाजूला ठेवू. फळीवर मांडून पाहायच्या विमानांपुरतेच बोलू.

माझेच सांगतो. तीस वर्षांनी पुन्हा बसलो तेव्हा हौसेने पूर्वीचेच विमान आणले : स्पिटफायर, प्रमाण १:७२. पहिल्याच संध्याकाळी चिमट्यातून एक चाक उडाले ते कपाटाखाली गेले. दुसऱ्या दिवशी वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर डिंकाचा डाग पडला. तिसऱ्या दिवशी मी ‘आता आपल्या हातात राम राहिला नाही’ असे म्हणून खोके बंद केले. ते तसेच वर्षभर पडून होते. पण दोष हाताचा नव्हताच मुळी. मला चाळिशी लागून बारा वर्षे झाली होती, आणि मी मात्र पंधराव्या वर्षाच्या डोळ्यांचे प्रमाण निवडले होते.

प्रमाण म्हणजे काय हे शिक्षकबंधूंना सांगायला नको. तलाठ्याकडच्या गावनकाशावर जे असते तेच. १:७२ म्हणजे खऱ्या विमानावरचे ७२ सेंटिमीटर प्रतिकृतीवर १ सेंटिमीटर. पण ७२ च का, ७० का नाही? हा हिशोब फूट-इंचांचा आहे. एका इंचात सहा फूट बसवले की १:७२ होते; सहा फुटी माणूस बरोबर इंचभर. १९३६ साली इंग्लंडात फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने प्लॅस्टिकचे संच काढले तेही याच मापाचे. एका इंचात चार फूट बसवले की १:४८. याखेरीज मोठे १:३२ आणि अगदी लहान १:१४४ ही मापेही चालतात.

आता स्पिटफायरच घ्या. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते ११.२३ मीटर. १:७२ मध्ये साडेपंधरा सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावते. १:४८ मध्ये साडेतेवीस, १:३२ मध्ये पस्तीस. आकडे पाहून वाटते, दीडपटच तर मोठे! पण लांबी दीडपट झाली की रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोनपट होतो आणि आकारमान तिपटीहून अधिक. वर्गात घन आणि वर्ग शिकवताना याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. दोन्ही विमाने मुलांच्या हातात द्यावीत आणि रंग कुणाला जास्त लागेल ते विचारावे.

मोठ्या प्रमाणात खोटेपणा कमी करावा लागतो, हाही एक मुद्दा आहे. खऱ्या विमानाच्या दोन पत्र्यांमध्ये ३ मिलिमीटरची फट असेल, तर १:७२ मध्ये ती ०.०४ मिलिमीटर होईल, म्हणजे केसाहूनही बारीक. अशी रेघ कोरता येत नाही आणि कोरली तरी दिसायची नाही. म्हणून संच करणारे ती जाड करून देतात. वैमानिकापुढची आठेक सेंटिमीटरची घड्याळासारखी तबकडी १:७२ मध्ये राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, १:४८ मध्ये मोहरीएवढी आणि १:३२ मध्ये बारीक बाजरीएवढी होते. राजगिऱ्यावर पांढरा काटा काढायचा म्हणजे काय ते तुम्हीच पाहा. मी १:४८ घेतले आणि तेच स्पिटफायर पंधरा दिवसांत उभे राहिले.

मग लहान प्रमाण सोडूनच द्यावे का? तसे मुळीच नाही. लँकेस्टर या बाँबफेकी विमानाचे पंख ३१ मीटरचे. १:४८ मध्ये ते ६५ सेंटिमीटर होते आणि घरातली मंडळी विचारतात, हे ठेवायचे कुठे? १:७२ मध्ये ते ४३ सेंटिमीटरवर येते. शिवाय मोठ्या विमानाचे भाग लहान प्रमाणातही बोटांना सापडतात. आपले डाकोटा, ज्याने २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला फौज उतरवली, तेही १:७२ मध्येच घ्यावे. ४० सेंटिमीटर भरते.

मात्र दोन प्रमाणांची विमाने शेजारी मांडू नका, बरे का. मी पांगाऱ्याच्या मऊ लाकडात १:४८ चे नॅट कोरले होते. त्याचे पंख १४ सेंटिमीटर. त्याच फळीवर १:७२ चे मिग-२१ ठेवले, त्याचे पंख दहाला जरा कमी. हे मिग आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनत असे. हवाई दलातून ते २०२५ साली निवृत्त झाले. सातवीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, १९६५ च्या लढाईतले नॅट चिमुकले होते म्हणता, मग हे मिगपेक्षा मोठे कसे?’’ मला उत्तर देता आले, पण फळी मात्र त्याच दिवशी बदलावी लागली. पोळ्याच्या मातीच्या बैलाला प्रमाण नसले तरी शोभते, विमानांच्या रांगेला नाही.

एका प्रमाणाची रांग किती उपयोगी पडते याचा दाखला युद्धातला आहे. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळांतल्या मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने मागवली. शत्रूचे कोणते, मित्राचे कोणते, हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावे म्हणून. प्रमाण सगळ्यांना एकच, १:७२. असे विमान ३५ फुटांवर धरले की खरे विमान अडीच हजार फुटांवर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावर, दिसेल तेवढे दिसते. शाळेच्या व्हरांड्यात हा प्रयोग फुकटात होतो.

तेव्हा खरेदीपूर्वी दोन कामे करा. हव्या त्या विमानाच्या पंखांची लांबी काढा, प्रमाणाने भागा, तेवढी वर्तमानपत्राची पट्टी कापून फळीवर ठेवा. दुसरे काम रात्री, ज्या दिव्याखाली बसणार त्याच दिव्याखाली. राजगिऱ्याचा, मोहरीचा आणि बाजरीचा एकेक दाणा डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवा, बारीक ब्रश घ्या आणि प्रत्येकावर पांढरा ठिपका द्या. चष्मा लावून, हो. ज्या दाण्यावर ठिपका नीट बसला, त्या दाण्याचे प्रमाण घ्या.