तंतुबद्ध उपग्रहांच्या गतीचे नियमन

पृथ्वीभोवती फिरणारे दोन पिंड लांब तंतूने परस्परांस जोडले असता त्यांस तंतुबद्ध उपग्रह म्हणतात. ‘बद्ध’ या शब्दाने खुंटीला दाव्याने बांधलेल्या जनावराचे चित्र मनापुढे येते. परंतु येथे खुंटीच नाही. दोन्ही पिंड गतिमान असतात, आणि तंतू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. नियमनाचा मूळ प्रश्न या मर्यादेतून उद्भवतो.

तंतू ताठ कशाने राहतो? खालच्या पिंडावर गुरुत्वाकर्षण अधिक व केंद्रोत्सारी प्रेरणा कमी असते; वरच्या पिंडावर याच्या उलट. म्हणून दोन्ही पिंड एकमेकांपासून दूर ओढले जातात व तंतू उभ्या रेषेत स्थिरावू पाहतो. हा ताण अंतराच्या प्रमाणात वाढतो. सुमारे 300 किलोमीटर उंचीवर, अवजड यानास जोडलेल्या 500 किलोग्रॅमच्या उपग्रहामुळे 20 किलोमीटर अंतरावर सुमारे 40 न्यूटन ताण पडतो; 100 मीटर अंतरावर तो अवघा 0.2 न्यूटन उरतो.

उभ्या रेषेपासून ढळलेला तंतू लंबकाप्रमाणे आंदोलने घेतो. कक्षेच्या प्रतलात त्यांची वारंवारता प्रदक्षिणेच्या वारंवारतेच्या सुमारे 1.73 पट, तर प्रतलाबाहेर दुप्पट असते. तंतू सोडताना आंदोलने मंदावतात. गुंडाळताना मात्र ती वाढत जातात. म्हणूनच उपग्रह दूर धाडण्यापेक्षा परत आणणे कठीण होय.

यावरील उपाय रिळाच्या गतीतच आहे. तंतूचे वळणे प्रदक्षिणेच्या दिशेने होत असता तो किंचित सोडावा, उलट दिशेने होत असता किंचित ओढून घ्यावा. म्हणजे प्रतलातील आंदोलनाची ऊर्जा घटते. योग्य क्षण चुकल्यास हीच कृती आंदोलन वाढवते.

1994 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सेड्स-2 प्रयोगात 20 किलोमीटर तंतू नियंत्रित रोधाने सोडण्यात आला, आणि अखेरचे आंदोलन थोड्या अंशांपुरतेच राहिले. त्या प्रयोगात तंतू परत गुंडाळावयाचा नव्हता. 1992 मध्ये अटलांटिस यानातून सोडलेला अमेरिका-इटली यांचा उपग्रह 20 किलोमीटर जावयाचा होता. परंतु एक बोल्ट आड आल्याने यंत्रणा अडकली व तो सुमारे 256 मीटरांपलीकडे गेला नाही. अल्प ताणाच्या त्या अंतरासाठी उपग्रहावर वायुझोतांची योजना होती. अखेर तो सुखरूप परत आणण्यात आला. 1996 मध्ये कोलंबिया यानातून हाच प्रयोग पुन्हा झाला. तंतू 19.7 किलोमीटर उलगडला असता आवरणातील दोषामुळे विद्युत्‌ठिणगी पडून तो जळून तुटला आणि उपग्रह गमावला.

सारांश, आंदोलनांचे गणित सुटले तरी नियमनाचे साधन तंतू हेच असते. ज्याने उपग्रह आवरावयाचा, तोच तुटल्यास कोणताही नियम उपयोगी पडत नाही.