जागेपणीचं ऑपरेशन आणि डोळ्यांवरचा चष्मा

निफाड, दिंडोरी, सटाण्याहून नाशिकला गुडघा बदलायला आलेल्या पेशंटला बहुधा मणक्यात भूल देतात. कमरेखाली काही कळत नाही. पण कान उघडे असतात. हिरव्या पडद्यापलीकडची हातोडी, ड्रिलची घरघर, डॉक्टरांची कुजबुज, सारं ऐकू येतं. धसका बसतो तो या आवाजांचा. मग झोपेचं औषध वाढवावं लागतं आणि वयस्कर पेशंटचा श्वास, रक्तदाब सांभाळणं अवघड होतं.

इथेच व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा कामी येतो. डोळ्यांपुढे डोंगर, समुद्र, कानांवर हेडफोन. लक्ष तिकडे गुंतलं, की भीतीला जागा कमी उरते. याची सुरुवात अमेरिकेतल्या सिएटलमध्ये भाजलेल्या रुग्णांपासून झाली. ‘स्नोवर्ल्ड’ या बर्फाळ खेळात हिमगोळे फेकत असताना त्यांच्या जखमांची मलमपट्टी होई. बोस्टनमध्ये हाताच्या शस्त्रक्रियांवर झालेला 34 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा लावलेल्यांना तासाला सरासरी सुमारे 125 मिलिग्रॅम प्रोपोफॉल हे झोपेचं औषध पुरलं, इतरांना 750. समाधान दोन्ही गटांत सारखंच. अभ्यास लहान, पण फरक डोळ्यांत भरणारा.

चष्मा म्हणजे भूल नव्हे, इंजेक्शन लागतंच. मोतिबिंदूच्या ऑपरेशनमध्ये तो लावताच येत नाही. काहींना गरगरतं. फिट्स येत असतील, तर आधी सांगा. आणि आपल्याकडच्या आजीला तो लावायचा, तर सूचना मराठीतच हव्यात.

ऑपरेशनची भीती वाटत असेल, तर आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला.