विद्यापीठ संकेतस्थळांवरील सायबर हल्ले व प्रवेशप्रक्रिया : बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे उच्च शिक्षणातील प्रवेश अर्ज, गुणवत्ता यादी व शुल्क भरणा ही सर्व कामे संकेतस्थळांवर आली आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश मुंबईस्थित राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. म्हणजेच येथील विद्यार्थ्याचा प्रवेश जिल्ह्याबाहेरील संगणकांवर अवलंबून असतो. हे संगणक बंद पडल्यास काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हल्ल्यांचे स्वरूप :
संकेतस्थळावरील हल्ले मुख्यतः चार प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात हजारो संगणकांवरून एकाच वेळी मागण्या पाठवून सर्व्हर निकामी केला जातो. दुसऱ्यात मुखपृष्ठ बदलून भलताच मजकूर लावला जातो. तिसऱ्यात माहितीसाठ्यात शिरून नोंदी चोरल्या, बदलल्या किंवा खंडणीसाठी कुलूपबंद केल्या जातात. चौथ्यात हुबेहूब बनावट संकेतस्थळ उभारून विद्यार्थ्यांकडून शुल्क उकळले जाते. पहिला प्रकार प्रवेशाच्या काळात विशेष घातक ठरतो. कारण त्यात माहिती चोरीस जात नसली तरी मुदत निघून जाते.

दोन घटना :
ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा विस्कळीत झाल्या. सायबर हल्ला झाल्याचे विद्यापीठाने सांगितले. परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या व पोलिसांत तक्रार करण्यात आली. ही घटना परीक्षेची असली तरी प्रवेशालाही तितकीच लागू पडते.

दुसरी घटना 2025 ची होय. त्या वर्षी अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यात लागू झाली. 21 मे रोजी, पहिल्याच दिवशी, संकेतस्थळ कोलमडले व नोंदणी 26 मेपासून सुरू करण्यात आली. येथे कारण तांत्रिक सांगितले गेले. तथापि हल्ला असो वा बिघाड, विद्यार्थ्याच्या दृष्टीने परिणाम एकच असतो.

ग्रामीण विद्यार्थ्यांवरील परिणाम :
जिल्ह्यात 13 तालुके आहेत. लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातील खेड्यातून अर्ज भरण्यासाठी तालुक्याच्या गावी आलेल्या विद्यार्थ्याचे बसभाडे, नेट कॅफेचे पैसे व पालकाची एका दिवसाची मजुरी, हे सर्व संकेतस्थळ बंद असल्यास वाया जाते. शहरातील विद्यार्थी रात्री घरून पुन्हा प्रयत्न करू शकतो. या विद्यार्थ्याला ती सोय बहुधा नसते. समान मुदत म्हणजे समान संधी नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

कायदेशीर तरतुदी :
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 मध्ये संगणकसेवा खंडित करणे व अधिकृत व्यक्तीस प्रवेश नाकारला जाईल असे कृत्य करणे समाविष्ट आहे. असे कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम 66 नुसार 3 वर्षांपर्यंत कारावास, 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशा घटनांची माहिती 6 तासांत कळवणे व संगणकीय नोंदी 180 दिवस जतन करणे आवश्यक आहे. घाईने सर्व्हर पुसून पुन्हा सुरू केल्यास हाच पुरावा नष्ट होतो.

उपाययोजना :
1. संकेतस्थळ जितका काळ बंद राहील, तितकी मुदतवाढ आपोआप मिळावी. तसा नियम प्रवेशाच्या वेळापत्रकातच छापावा.
2. महाविद्यालयात नोंदवही ठेवून अर्जासाठी आलेल्या विद्यार्थ्यास तारीख-वेळेची पोच द्यावी व ती ग्राह्य धरावी.
3. माहितीसाठ्याची प्रत मुख्य सर्व्हरपासून अलग ठेवावी.
4. प्रवेशापूर्वी संकेतस्थळाची भारक्षमता तपासावी.
5. अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता सूचनाफलकावर लावावा.

निष्कर्ष :
सायबर सुरक्षा हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही. हल्ला पूर्णपणे टाळणे कोणत्याही संस्थेस शक्य नसते. परंतु हल्ल्यामुळे विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ न देणे निश्चितच शक्य असते. त्यासाठी महागड्या यंत्रणेआधी मुदतवाढीचा स्पष्ट नियम व महाविद्यालयातील एक साधी नोंदवही आवश्यक आहे. ही नोंदवही ठेवण्याची जबाबदारी प्राध्यापकवर्गाने स्वीकारणे अगत्याचे आहे.