पापणीची शस्त्रक्रिया : आरशापलीकडचा विचार

मालवणच्या बाजारपेठेत गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापाऱ्याच्या वयाचा सुगावा गिऱ्हाइकाला पुष्कळदा पापण्यांवरून लागतो. "रात्री झोप झाली नाही का, शेठ?" असे कुणी विचारते, झोप तर पुरेशी झालेली असते. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन उतरते, खालच्या पापणीखाली चरबी फुगते. समुद्रावरचे प्रखर ऊन त्वचा लवकर जून करते. मग घरात लग्नकार्य ठरले की शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

हा उपचार आजचा नाही. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचत असल्यास भुवईखालील कातडीचा जवाच्या आकाराचा तुकडा काढून जखम केसाने शिवावी, असा विधी सुश्रुतसंहितेत आहे. 'ब्लेफरोप्लास्टी' हे नाव मात्र जर्मन शल्यचिकित्सक फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये दिले.

पहिला प्रश्न सौंदर्याचा नव्हे, निदानाचा असतो. कातडी सैल आहे, पापणी उचलणारा स्नायू दुबळा आहे की भुवईच खाली आली आहे, यावर उपचार बदलतो. सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळी मिटू लागत असेल, तर स्नायूंच्या विकाराची शंका घ्यावी लागते. एक पापणी एकाएकी पडून वस्तू दोन दिसू लागल्यास तो तातडीचा आजार होय. डोळे कोरडे पडत असतील तर तेही आधी सांगावे; कातडी जास्त काढली गेली तर डोळा पुरता मिटत नाही आणि बुबुळाला इजा पोहोचते.

वरच्या पापणीचे काम बहुधा केवळ तेवढी जागा बधिर करून होते. टाके साधारण आठवड्याने निघतात, सूज व काळेनिळेपणा एक-दोन आठवडे राहतो, अंतिम आकार दिसण्यास काही महिने लागतात. डोळ्यांच्या कोपऱ्यांतील सुरकुत्या आणि त्वचेतील काळसरपणा याने जात नाही. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती लपवू नये, आणि त्या परस्पर बंदही करू नयेत. हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. लसणाच्या व माशाच्या तेलाच्या गोळ्याही थांबवण्यास सांगतात, पण तो प्रश्न जैन घरांत बहुधा उद्भवतच नाही.

खरी काळजी पहिल्या रात्रीची. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो. तीव्र वेदना, डोळा ताठरून पुढे येणे, दृष्टी अंधुक होणे ही त्याची लक्षणे. तेव्हा उपचाराला मिनिटांचा हिशेब असतो. गोव्यात किंवा कोल्हापुरात शस्त्रक्रिया करून त्याच संध्याकाळी मालवण गाठण्याची घाई म्हणूनच धोक्याची आहे. रुग्णालयाच्या जवळ मुक्काम करावा, सोबत घरचे माणूस असावे.

टाक्यांचा धागा कशाचा, हेही निःसंकोच विचारावे. कॅटगट प्राण्यांच्या आतड्यापासून बनतो. पापणीसाठी नायलॉनसारखे कृत्रिम धागे सर्रास वापरले जातात. गोळीचे कवच जिलेटिनचे आहे का, चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी औषध घेता येईल का, हेही आधीच ठरवावे. पर्युषणातील उपवासांच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया ठेवू नये. पोती उचलणे, खाली वाकून माल काढणे दोन-तीन आठवडे बंद राहते. त्यामुळे दिवाळीच्या ऐन हंगामाआधीची तारीख घेतल्यास गल्ल्यावर दुसरे कुणी बसवावे लागेल.