बाटलीतली साखर कोणी बदलली?



ऊसनोंदीसाठी शिवारात फिरताना एका वयस्कर सभासदांनी आम्हांला बांधावरच थांबवले. शेजारी नातू थंड पेयाची बाटली तोंडाला लावून उभा. "साहेब, ह्यात आपलीच साखर असते का हो?" आम्ही "असते की, आबा" म्हणालो आणि पुढच्या गटाकडे निघालो. पण ते उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे येथे देत आहोत.

आधी हिशेब. साध्या गोड शीतपेयात १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीसेक ग्रॅम. आपल्या एक टन उसाला ११ टक्के उतारा धरला तर ११० किलो साखर. तेव्हा एका टनात सुमारे साडेतीन हजार बाटल्या गोड होतात. एवढे मोठे हे गिऱ्हाईक आहे. ते रुसले तर काय होते, हे अमेरिकेत घडून गेले आहे.

कोका-कोला हे पेय १८८६ साली अटलांटा शहरात जॉन पेम्बर्टन नावाच्या औषधविक्रेत्याने तयार केले. पुढे १९७५ पासून पेप्सीवाल्यांनी भर बाजारात डोळे झाकून चव घेण्याचे प्रयोग सुरू केले. पेप्सी जरा जास्त गोड, आणि एका घोटाला जास्त गोड तेच बरे वाटते. कोकाकोलाचे अध्यक्ष रॉबर्टो गोइझुएटा हे क्यूबात जन्मलेले केमिकल इंजिनिअर होते. त्यांच्या कंपनीने अधिक गोड असे नवे मिश्रण केले आणि जवळजवळ दोन लाख लोकांना चाखायला दिले. बहुतेकांनी नव्याला पसंती दिली. मात्र जुने कायमचे बंद होणार आहे, हे चाखणाऱ्यांतल्या बहुतेकांना कोणी सांगितले नव्हते!

२३ एप्रिल १९८५ रोजी नवे पेय जाहीर झाले आणि गहजब उडाला. कंपनीकडे रोज हजारांनी तक्रारीचे फोन. लोकांनी जुन्या बाटल्यांचे खोकेच्या खोके घरात भरून ठेवले. शेवटी ११ जुलैला, म्हणजे ७९ दिवसांनी, जुने पेय 'क्लासिक' नावाने परत आणल्याचे कंपनीने सांगितले. ही बातमी अमेरिकेच्या सिनेटमध्येही बोलली गेली. नवे पेय पुढे कसेबसे रेटत २००२ साली बंद पडले.

गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. आपल्या कामाची गोष्ट इथून पुढे आहे.

जे 'जुने' परत आले, त्यात जुनी साखर नव्हती. १९८० साली कंपनीने बाटल्या भरणाऱ्यांना अर्धी साखर काढून तिच्या जागी मक्याचा पाक वापरण्याची मुभा दिली होती आणि १९८४ च्या अखेरीस ती पूर्ण साखरेसाठी दिली. त्या बदलाला ना फोन आले ना मोर्चे निघाले. चव बदलली म्हणून देश पेटला आणि साखर बदलली तेव्हा कोणाला पत्ता नाही.

असे का व्हावे? आपल्या रसातली साखर म्हणजे सुक्रोज. ऊस तोडून फडात पडून राहिला की ती फुटते व तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. ह्यालाच आपण इन्व्हर्शन म्हणतो आणि उतारा घटला म्हणून कपाळाला हात लावतो. मक्याच्या पाकात नेमके हेच दोन पदार्थ मुद्दाम तयार करतात. मक्याच्या स्टार्चवर एन्झाइमची प्रक्रिया करून ग्लुकोज बनवायचे, मग दुसऱ्या एन्झाइमने त्यातल्या काहींचे फ्रुक्टोज करायचे. पेयात वापरतात त्या पाकात फ्रुक्टोज ५५ टक्के असते. शिवाय पेय आंबट असल्यामुळे त्यात घातलेली आपली साखरही बाटलीत हळूहळू फुटतच असते. जिभेला फरक कळणार कसा?

आणि मका का शिरला? भावामुळे. १९७४ च्या नोव्हेंबरात जगाच्या बाजारात कच्ची साखर पौंडाला ६० सेंटांच्या वर गेली. १९८० साली पुन्हा ४० सेंटांच्या पुढे. महाग साखरेने हैराण झालेल्या पेयवाल्यांना मक्याचा पाक स्वस्तात मिळू लागला. १९८२ पासून अमेरिकेने आपल्या ऊस व बीटवाल्यांसाठी आयातीवर कोटे घातले. त्यामुळे देशातला साखरेचा भाव वर राहिला आणि मक्याचे आणखी फावले. भाव मागू नये असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही, आम्हीही शेतकऱ्याचीच पोरे. पण चढ्या भावाचा फायदा शेजारच्या पिकाने उचलला, हे खरे.

फटका बसला तो दूर समुद्रापार. अमेरिकेची साखर आयात निम्म्याहून खाली आली. १९८५ साली जागतिक भाव पौंडाला तीन सेंटांच्याही खाली उतरला. फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटाचे पोट तेव्हा मुख्यतः उसावरच चाले. तिथे ऊसमजुरांच्या घरांत चुली पेटेनात, पोरे उपाशी राहिली. ज्यांनी ते पेय कधी चाखले असेल-नसेल, त्यांच्यावर ही पाळी.

आपल्याकडे हे पेय १९७७ साली देशाबाहेर गेले आणि १९९३ साली आग्र्याहून पुन्हा सुरू झाले. आपल्या देशात गोड पेयांत मुख्यतः उसाचीच साखर असते. अमेरिकेतही मेक्सिकोहून येणाऱ्या उसाच्या साखरेच्या बाटलीला लोक जादा पैसे मोजतात, आणि जुलै २०२५ मध्ये कंपनीने तिथेही उसाच्या साखरेचे पेय काढण्याचे जाहीर केले. तेव्हा मक्याची भीती आपल्याला फारशी नाही. आपल्या बाटलीतली साखर निघते ती बिनसाखरेच्या पेयांमुळे आणि थोडी साखर काढून कृत्रिम गोडी घालण्यामुळे. नातवाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे एकदा चष्मा लावून वाचा.

राहिला आपल्या हातातला भाग. पेयवाले साखर घेताना रंग पाहतात, गंधक पाहतात, पाक नितळ होतो की नाही ते पाहतात. शिळ्या आणि जळक्या उसात जंतू वाढून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ होतो. त्याने रस गाळायला जड जातो, दाणा लांबट पडतो आणि पेयात गढूळपणा येऊ शकतो. पॅनवर कितीही कसबी माणूस उभा केला तरी तो गेटातून आत आलेले डेक्स्ट्रान पूर्ण काढू शकत नाही.

म्हणून शेतकी खात्याची विनंती अशी की, टोळी फडात शिरली आणि वाहन आले नाही, तर तोड पुढे रेटू देऊ नये. तोडलेला ऊस पाचटाने झाकावा आणि त्याच दिवशी चिटबॉयला कळवावे. पाला काढायचा आळस म्हणून फड पेटवायची भाषा कोणी केली, तर सभासदांनी स्वतः बांधावर उभे राहून ती थांबवावी. खेप पहाटे येवो की रात्री, तोडीपासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडेल अशी व्यवस्था गट कार्यालयाशी बोलून आधीच करून ठेवावी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते