टी-पेशींना शत्रू दाखवणारे कण

सुरतच्या लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. लूमवरच्या पाळीत गालात तंबाखूचा मावा धरून ठेवणारे त्यांत कमी नाहीत आणि भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. म्हणून कर्करोगावरच्या नॅनोकणांच्या लसीचं संशोधन सुरतकरांनी नीट समजून घ्यायला हवं.

कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातली. त्यामुळे रोगप्रतिकारक यंत्रणा तिला सहसा परकी मानत नाही. तिच्यावरच्या प्रथिनाचा तुकडा नुसता टोचून भागत नाही. सोबत धोक्याची सूचना नसेल, तर या यंत्रणेतल्या टी-पेशी उलट त्याच्याकडे काणाडोळा करायला शिकतात. चोराचा फोटो ठाण्यात पोचला पण तक्रारच नोंदली नाही, अशी ही गत. तुकडा आणि सूचना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, टी-पेशींना ओळख करून देणाऱ्या एकाच पेशीच्या हाती पडाव्या लागतात. नॅनोकण नेमकं हेच साधतो: मेदाच्या कणात प्रथिनाचा तुकडा आणि धोक्याचा इशारा देणारं रसायन एकत्र बांधलेलं असतं. साधारण 20 ते 200 नॅनोमीटरचा कण थेट काखेतल्या, मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत वाहत जातो. टी-पेशींना शत्रूची ओळख तिथेच करून दिली जाते.

2025 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट केंद्रात अशी लस दिलेल्या उंदरांना नंतर त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी टोचल्या. 80 टक्के उंदीर 250 दिवस गाठीविना जगले. लस न दिलेला एकही 35 दिवसांपलीकडे टिकला नाही. माणसांतही सुरुवात झाली आहे. मॉडर्ना आणि मर्क यांच्या 157 रुग्णांवरील चाचणीत, नेहमीच्या उपचाराला मेदकणांतून दिलेल्या एमआरएनए लसीची जोड मिळाल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका 44 टक्क्यांनी घटला. पण ही लस प्रत्येक रुग्णाच्या गाठीनुसार वेगळी बनवावी लागते. मला खरी अडचण इथेच दिसते, कारण लूम कामगाराला तिची किंमत कशी झेपणार?

त्यावर आशा वाटावी असं काम मुंबईत झालं आहे. टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निवोलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध दर तीन आठवड्यांनी अवघं 20 मिलिग्रॅम दिलं. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून खर्चही कमी. तोंडावाटे घ्यायच्या नेहमीच्या औषधांना ही जोड दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेलं.

तोंडाच्या कर्करोगावरची नॅनोलस मात्र अजून दवाखान्यात आलेली नाही. तोवर मावा सोडा. तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा-लाल चट्टा दिसत असेल किंवा फोड तीन आठवड्यांत भरत नसेल, तर आधी डॉक्टर गाठा.