‘केयी’ आणि ‘केळी’

भुसावळजवळच्या दीपनगरात, औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात, लेवा गणबोलीच्या घरातलं मूल ‘केयी’ म्हणतं आणि वहीतही तेच लिहितं. त्यावर लाल शाई फिरवू नका. ऐकलं तसंच ते लिहितं, म्हणजे त्याचा कान तयार आहे. फळ्यावर ‘केयी–केळी’, ‘डोया–डोळा’ अशा जोड्या शेजारी मांडा, ‘ळ’ मोठ्यानं म्हणून घ्या. ऱ्हस्व-दीर्घासाठी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे सगळे १८ नियम (१९६२चे १४, १९७२चे ४) पाठ करून घेण्यात अर्थ नाही. आधी दोन पुरेत: शेवटचा इकार-उकार दीर्घ, जसं पाटी, गुरू, आणि ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘आणि’ अपवाद, पण तो रोज नजरेखालून जातो, सवयीनंच बसतो. रोज पाचच शब्दांचं श्रुतलेखन. तपासायचं मुलानं स्वतः.